एका मोज्याचे स्वातंत्र्य

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावी प्रबोधन शिबिरात आम्ही जादूटोणाविरोधी कायद्यावर बोलायला गेलो होतो. भाषण झाले, चहा आला आणि पिशवीतून फाईल काढताना आतले एक जाडजूड पुस्तक खाली पडले. हॅरी पॉटरचा पाचवा भाग. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ते उचलले, मुखपृष्ठ न्याहाळले आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "वकीलसाहेब, स्टेजवर भोंदूबाबाच्या विरोधात आणि पिशवीत जादूगाराची पोथी? हे कसं काय?" मंडप हसला, आम्हीही हसलो. तेवढ्यात पुढच्या वक्त्यांचे नाव पुकारले गेले आणि उत्तर राहून गेले. ते आज देतो.

पोथी आणि कादंबरी यांत एक साधा फरक आहे. पोथी म्हणते, हे खरे आहे, मान, नाहीतर वाटोळे होईल. कादंबरी म्हणते, हे सगळे रचलेले आहे, तरी वाचून पाहा. हॅरी पॉटरपुढे कोणी उदबत्ती लावत नाही आणि त्यातला मंत्र म्हणून कोणाचा ताप उतरल्याचे कोणी सांगत नाही. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेने १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात भागांत ही कथा सांगितली. तिच्यातली जादूची कांडी बाजूला ठेवली तर उरते काय? उरते एक सरकार, एक शाळा, एक वर्तमानपत्र, एक तुरुंग, एक न्यायालय आणि रक्ताच्या शुद्धतेवर उभी असलेली एक समाजव्यवस्था. आता सांगा, हे वाचण्याचा आम्हाला अधिकार नाही तर कोणाला आहे?

आमची या पुस्तकांशी ओळख झाली ती २००३ साली. आम्ही लॉ कॉलेजच्या वसतिगृहात राहत होतो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर चौथा भाग स्वस्तात मिळाला. स्वस्त का, ते खोलीवर आल्यावर कळले. मधली काही पाने उलटी बांधलेली आणि छपाई पुसट. चोरटी आवृत्ती होती. कायद्याच्या विद्यार्थ्याने असा माल घेतला हे आज जाहीर कबूल करतो, मुदतीच्या कायद्याचा फायदा मिळावा ही विनंती. पुढे सगळे भाग रीतसर विकत घेतले. मराठीतही अनुवाद निघाले आहेत आणि आमची मुलगी तेच वाचत मोठी झाली. तिच्यासोबत आम्हीही पुन्हा वाचले. पुकारा होईपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात वाचायला याहून चांगली सोबत आम्हाला तरी मिळालेली नाही.

या कथेत आम्हाला आवडतो कोण? हॅरी आवडतो, पण नायक म्हणून नव्हे. तो मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात दहा वर्षे झोपलेला मुलगा आहे आणि ते कपाट तो विसरत नाही, म्हणून. खऱ्या अर्थाने मनात घर करून बसले आहेत ते बाजूचे लोक. नेव्हिल लाँगबॉटम हा त्यातला एक. सगळा वर्ग ज्याला बावळट समजतो असा मुलगा. पाचव्या भागात एक प्रसंग आहे. छळामुळे मनाचा तोल गेलेले त्याचे आईवडील इस्पितळात असतात आणि आजीसोबत तो त्यांना भेटायला येतो. आई त्याला ओळखत नाही. ती चालत येते आणि च्युइंगमचा रिकामा कागद त्याच्या हातात ठेवते. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात, असे किती तरी तुला देऊन झाले. नेव्हिल आईचे आभार मानतो आणि जाताना तो कागद हळूच खिशात घालतो. बस्स, एवढेच. युद्ध नाही, जादू नाही. सात भागांत आमचे डोळे भरून आलेल्या दोन-तीन जागा आहेत, त्यातली ही पहिली.

एक गमतीची गोष्ट सांगून पुढे जातो. या शाळेत पार्वती आणि पद्मा पाटील अशा दोन जुळ्या बहिणी आहेत. ते आडनाव प्रथम वाचले तेव्हा आमची मुलगी खो खो हसली. "पप्पा, इथं पण पाटीलच पोचले आधी!" लेखिकेला त्या आडनावामागची पाटीलकी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मुलीच्या त्या हसण्याला जी धार होती, ती तिला आम्ही शिकवलेली नव्हती.

आता मुद्द्याकडे येऊ. या जादूगारांच्या जगात माणसांची वर्गवारी रक्तावरून होते. पिढ्यान्‌पिढ्या जादूगार असलेले ते शुद्ध रक्ताचे. साध्या माणसांना ते मगल म्हणतात. मगल आईबापाच्या पोटी जन्मून जादू येणारी मुले म्हणजे मडब्लड, घाणेरड्या रक्ताची. ही शिवी आहे, आणि दुसऱ्या भागात ती प्रथम उच्चारली जाते तेव्हा जिला ती दिली जाते त्या हर्मायनीला तिचा अर्थच माहीत नसतो. ती दंतवैद्यांची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार. तिच्या आजूबाजूची मुले मात्र एकदम पेटून उठतात. हे किती खरे आहे! शिवीचा अर्थ शिवी खाणाऱ्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतो. गावच्या शाळेत आम्हालाही तो तसाच कळला होता.

त्यानंतर रॉन नावाचा तिचा मित्र, जो स्वतः शुद्ध रक्ताच्या घराण्यातला आहे, एक महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतो. आज बहुतेक जादूगार मिश्र रक्ताचेच आहेत, मगलांशी लग्ने झाली नसती तर आमची जमात केव्हाच संपली असती, असे तो म्हणतो. तेही कसे, तर उलटलेल्या मंत्रामुळे तोंडातून गोगलगायी ओकत ओकत. पुढे सिरियस ब्लॅक या पात्राच्या वाड्यात भिंतीवर एक जुना कापडी वंशवृक्ष टांगलेला दिसतो. त्यात ठिकठिकाणी जळलेली भोके आहेत. सिरियस घर सोडून पळाला, त्याचे नाव जाळले. अँड्रोमेडाने मगल आईबापाच्या मुलाशी लग्न केले, तिचेही नाव जाळले. तिच्या ज्या बहिणींनी शुद्ध रक्तात लग्ने केली त्यांची नावे शाबूत. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवून दिले होते. आम्ही तो निबंध विद्यार्थ्यांना समजावून सांगतो तेव्हा आता त्या भोके पडलेल्या कापडाचे उदाहरण देतो. पोरांना चटकन समजते. आणि गंमत म्हणजे शुद्ध रक्ताच्या राज्यासाठी माणसे मारत सुटलेला व्होल्डेमॉर्ट स्वतः एका मगल बापाचा मुलगा असतो.

वकील म्हणून आमचा सर्वांत आवडता प्रसंग मात्र पाचव्या भागातल्या सुनावणीचा आहे. तो आम्ही किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. हॅरीवर आरोप असा, की अल्पवयीन असताना त्याने एका मगलासमोर जादू केली. वस्तुस्थिती अशी, की डिमेंटर नावाचे आत्मा शोषून घेणारे तुरुंगरक्षक त्याच्या आणि त्याच्या मावसभावाच्या अंगावर चालून आले होते आणि जीव वाचवण्यासाठी त्याने मंत्र वापरला. अगदी किरकोळ प्रकरण. पण मंत्री फज यांना या मुलाचे तोंड बंद करायचे आहे. म्हणून सुनावणीची वेळ ऐनवेळी बदलली जाते, सकाळी आठ. जागा बदलली जाते, तळघरातली जुनी दहा नंबरची कोर्टरूम. नोटीस त्याच दिवशी सकाळी. ज्या खुर्चीवर मुलाला बसवतात तिच्या हाताला साखळ्या आहेत. समोर उच्च न्यायमंडळाचे पन्नासेक सदस्य आणि अध्यक्षस्थानी स्वतः मंत्रीमहोदय, जे आरोप वाचतात, उलटतपासणीही घेतात आणि निकालही तेच देणार. फिर्यादी, सरकारी वकील आणि न्यायाधीश एकाच झग्यात!

आमच्या वकील बांधवांना यात नवे काय वाटणार? तारीख लागली की नाही हे पक्षकाराला कळू नये, अशी व्यवस्था करण्यासाठी जादूची गरज नसते. उमेदवारीच्या काळात एका चौकशीत आमच्या अशिलाला नोटीस मिळाली ती चौकशी संपल्यानंतर आठ दिवसांनी, आणि वर शेरा होता, गैरहजर. म्हणून डंबलडोर त्या कोर्टात शांतपणे आत येतात आणि सांगतात, की नशिबाने झालेल्या एका चुकीमुळे आपण तीन तास आधीच येऊन पोचलो, तेव्हा आम्हाला टाळी वाजवाविशी वाटते. ते आवाज चढवत नाहीत. ते कलम दाखवतात. जिवावरचा प्रसंग असेल तर जादू करण्याची मुभा कायद्यातच आहे, एवढे ते म्हणतात आणि साक्षीदार बोलावतात.

ती साक्षीदार कोण? मिसेस फिग. गबाळी म्हातारी, पायात घरातल्या सपाता, अंगाला मांजरांचा वास. ती जादूगारांच्या पोटी जन्मलेली पण जादू न येणारी, म्हणजे या समाजातली न घरची न घाटची. तिच्यासारख्यांची सरकारदरबारी नोंदच नाही. मंत्री विचारतात, असल्यांना डिमेंटर दिसतात तरी का? म्हणजे साक्ष काय आहे हे नंतर, साक्षीदार कोणत्या जातकुळीचा आहे हे आधी. म्हातारी गडबडते, डिमेंटर पळत आले असे सांगते, मग सावरून तरंगत आले म्हणते. आणि शेवटी ती दिसण्याचे सोडून जाणवण्याचे सांगू लागते. उन्हाळ्याची रात्र असून कसे गार पडले, जगातला सगळा आनंद कसा निघून गेल्यासारखा झाला. त्या वाक्यांनी कोर्टाचे वारे फिरते. हॅरी बहुमताने निर्दोष सुटतो.

याच सुनावणीत एक छोटा उल्लेख आहे, जो पहिल्या वाचनात आमच्या नजरेतून निसटला होता. मंत्री हॅरीचा एक जुना गुन्हा उकरून काढतात. ती जादू एका हाऊस-एल्फने केली होती, असे हॅरी सांगतो. डंबलडोर म्हणतात, तो आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, आता बोलावतो साक्षीला. त्यावर मंत्री चिडून म्हणतात, की हाऊस-एल्फचे ऐकत बसायला मला वेळ नाही. प्रकरण तिथेच संपते, कारण हॅरीला त्याची गरज उरत नाही. तो साक्षीदार कधीच कोर्टात येत नाही.

हा हाऊस-एल्फ म्हणजे डॉबी. आणि सातही भागांत आमचे सर्वांत प्रिय पात्र कोणते विचाराल तर तोच.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रीमंत जादूगारांच्या घरी हे बुटके, लांब कानांचे जीव राबतात. एका घराण्याला जन्मभर बांधलेले, पगार नाही, रजा नाही. अंगावर कपडा म्हणून जुना उशीचा अभ्रा. मालकाने कपडा दिला तरच सुटका. मालकाविरुद्ध बोलले तर स्वतःच स्वतःला शिक्षा करायची, भिंतीवर डोके आपटायचे, इस्त्रीने हात भाजून घ्यायचे. दुसऱ्या भागात डॉबी हॅरीला सावध करायला येतो आणि हॅरी त्याला सहज म्हणतो, बस ना. डॉबी हंबरडा फोडतो, कारण आजवर कोणत्याही जादूगाराने त्याला बरोबरीने बसायला सांगितलेले नसते. आमच्या वाचकांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ओट्याखाली, उंबऱ्याबाहेर, सतरंजी सोडून जमिनीवर बसलेली आमचीच माणसे तुम्हा-आम्हाला आठवतात.

पुस्तकाच्या शेवटी हॅरी युक्ती करतो. पायातला चिखलाने माखलेला मोजा काढतो, त्यात एक वही घालतो आणि डॉबीचा मालक ल्युशियस मॅल्फॉय याच्या हातात देतो. मॅल्फॉय तो मोजा किळसून भिरकावतो आणि तो डॉबी झेलतो. मालकाने कपडा दिला! डॉबी सुटला! सिनेमात हा प्रसंग पाहताना थिएटर शिट्ट्यांनी दणाणले होते, आम्हीही वाजवली. पण घरी आल्यावर वकिली बुद्धी जागी झाली. हे स्वातंत्र्य कसले? हा तर अपघात. मालकाने मोजा फेकला म्हणून एक सुटला. नियम तसाच राहिला. उद्या सगळे मालक मोजे जपून ठेवतील, एवढेच.

सुटलेल्याचे पुढे काय होते, हे मात्र लेखिकेने चौथ्या भागात फार नेमके सांगितले आहे. डॉबी दोन वर्षे देशभर काम शोधत फिरतो. पगार मागतो म्हणून कोणी ठेवत नाही. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरात लागतो. डंबलडोर त्याला आठवड्याला दहा सोन्याची नाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ती एका नाण्यावर आणि महिन्यातून एका सुट्टीवर खाली आणतो. पगार कमी करून घेण्यासाठी भांडणारा कामगार! वाचक हसतो. आणि पगाराचा विषय निघाला की त्या स्वयंपाकघरातले शंभराहून अधिक हाऊस-एल्फ त्याच्यापासून दूर सरकतात, जणू त्याला काही घाण रोग झाला आहे. दुसरी विंकी. आयुष्यभर सेवा केलेल्या मालकाने तिला शिक्षा म्हणून कपडा देऊन हाकलले आहे. ती दिवसरात्र रडते आणि दारू पिऊन चुलीसमोर पडून राहते. आपल्याकडे १९७६ साली वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याखालची प्रकरणे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना विंकी कोण हे ठाऊक आहे. सुटकेचा दाखला हातात आणि पोटाला काही नाही, मग तो किंवा ती पुन्हा त्याच मालकाच्या वाटेकडे डोळे लावून बसते. सिनेमावाल्यांनी विंकीला पूर्ण गाळून टाकले. त्यात आम्हाला नवल वाटले नाही.

हर्मायनीला हे सगळे पाहून चीड येते. ती संघटना काढते, बिल्ले तयार करते, वर्गणी ठरवते, रॉनला खजिनदार करते आणि हॅरीला सचिव. कोणी हिंग लावून विचारत नाही. तरुणपणी ज्यांनी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरून पाहिले आहे त्यांना हर्मायनीबद्दल प्रेम वाटल्याशिवाय राहणार नाही. आम्हालाही वाटते. पण पाचव्या भागात ती एक चूक करते. हाऊस-एल्फ साफसफाईला येतात त्या खोलीत ती स्वतः विणलेल्या टोप्या कचऱ्याखाली लपवून ठेवते. त्यांनी नकळत उचलल्या की ते सुटणार. एल्फना हा अपमान वाटतो. ते त्या खोलीत पाऊल टाकायचे बंद करतात. सगळ्या टोप्या एकटा डॉबी उचलतो आणि एकावर एक डोक्यावर चढवून फिरतो.

इथे आम्हाला आमचे आजोबा आठवतात.

आजोबा तरुणपणी गावचे येसकर होते. छप्पन साली दीक्षा घेतली, गावकी सोडली, भाकरी मागणे सोडले, पुढे वतनाचाही कायद्याने निकाल लागला. पण येसकराची घुंगराची काठी त्यांनी शेवटपर्यंत घराच्या कोपऱ्यात जपून ठेवली होती. आम्ही कायदा शिकत होतो, रक्त गरम होते. सुट्टीत घरी गेलो की त्या काठीवरून आमचा वाद ठरलेला. गुलामीची निशाणी चुलीत घाला म्हणून आम्ही भाषण द्यायचो. एकदा तर ती काठी आम्ही त्यांच्या नकळत लाकडांच्या ढिगात नेऊन टाकली. संध्याकाळी त्यांनी ती मुकाट्याने शोधून काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि म्हणाले, "आरं वकिला, गावची समदी शीव ह्या काठीनं मोजलीया म्या. बांधाचं भांडान लागलं की पाटील बी गप ऱ्हायाचा आन् माझ्या तोंडाकडं बगायचा. म्या सांगंल ती हद्द. ती भाकरी वंगाळ हुती, आमाला बी कळत हुतं. पर हद्द मला ठावं हुती." आम्ही निरुत्तर झालो. चार वर्षे त्यांना उपदेश करत होतो आणि काठीबद्दल एकदाही विचारले नव्हते.

हर्मायनीने टोप्या विणल्या, पण स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याशेजारी बसून, तुम्हाला काय हवे, हे नीट कधी ऐकून घेतले? बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, त्याआधी आणि त्यानंतर गावोगाव सभा झाल्या. लोक वतनाला का चिकटून आहेत हे त्यांना माहीत होते, म्हणूनच ते सोडा असे सांगण्याचा त्यांना अधिकार पोचत होता. असो. लेखिकेला याची जाणीव नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. सातव्या भागात क्रीचरची कथा येते, तेव्हा तर नाहीच.

क्रीचर हा ब्लॅक घराण्याचा म्हातारा एल्फ. कुजकट बोलणारा, रक्तशुद्धीचा मालकाहून कट्टर पुरस्कर्ता. त्या वाड्याच्या भिंतीवर आधीच्या एल्फची कापलेली मुंडकी टांगलेली आहेत, कारण चहाचे तबक उचलवेनासे झाले की मान कापायची अशी त्या घराण्याची रीत. आपलेही मुंडके तिथे लागावे ही क्रीचरची इच्छा! सगळेच त्याचा तिरस्कार करतात, आम्हीही केला. मग एकदा हॅरी त्याला विचारतो आणि तो सांगतो. विषारी द्रव्याची परीक्षा घेण्यासाठी व्होल्डेमॉर्टने त्याला गुहेत नेले आणि मरायला टाकून दिले. पण क्रीचर परत आला, कारण एल्फच्या अंगी जी जादू असते ती बड्या जादूगारांना अवगत नाही, आणि तिची दखल घेणे व्होल्डेमॉर्टला कमीपणाचे वाटले. तिथेच त्याच्या पराभवाला सुरुवात होते. ज्याला विचारायचे कोणाच्या डोक्यात येत नव्हते, त्यालाच हद्द ठाऊक होती.

सातव्या भागातले ते न्यायालयही विसरता येत नाही. सत्ता बदलली आहे. मडब्लडांच्या नोंदणीसाठी आयोग नेमला आहे आणि अध्यक्षस्थानी अम्ब्रिजबाई आहेत, गुलाबी कपडे, गोड आवाज. समोर मेरी कॅटरमोल, तीन मुलांची आई. प्रश्न असा, की तुझ्या हातातली कांडी तू कोणत्या जादूगाराकडून चोरलीस? ती सांगते, अकरा वर्षांची असताना दुकानातून विकत घेतली. मान्य नाही. अर्जात आईवडिलांचा धंदा काय लिहिला आहे? भाजीवाले. संपले. तिच्याआधीचा माणूस ओरडत असतो, माझे वडील जादूगार होते हो, चौकशी करा! पुरावा देण्याची जबाबदारी आरोपीवर आणि निकाल आधीच ठरलेला. अम्ब्रिजबाईच्या गळ्यात मात्र लाच म्हणून उकळलेले एक लॉकेट आहे आणि ते आपल्या खानदानाचे, असे त्या सांगतात. वंशावळ अशीही तयार होते. लेखिकेने विशीत लंडनला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या कार्यालयात काम केले होते आणि छळ झालेल्यांची पत्रे वाचली होती, हे तिने २००८ साली हार्वर्डमधल्या भाषणात सांगितले. या प्रकरणात ते दिसते. २०२० पासून तिने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबाबत जी भूमिका घेतली तिने असंख्य वाचक दुखावले आणि हॅरीचे काम करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने तिच्याशी जाहीर असहमती दर्शवली. आम्हीही तिच्या बाजूने नाही. पण मेरी कॅटरमोलचे वकीलपत्र आम्ही त्यासाठी परत करणार नाही.

आणि डॉबी. हॅरी आणि त्याचे मित्र मॅल्फॉयच्या वाड्यात कैद होतात, तेव्हा त्यांना सोडवायला डॉबी त्याच घरी परत जातो जिथे त्याने मार खाल्ला होता. जुन्या मालकांसमोर उभा राहून तो सांगतो, की त्याला कोणी मालक नाही. सगळ्यांना बाहेर काढताना मागून आलेला सुरा त्याच्या छातीत बसतो. समुद्राकाठी हॅरी त्याची कबर खणतो. कांडीने क्षणात खड्डा झाला असता. तो फावडे मागतो आणि घामाने भिजेपर्यंत हातांनी खणतो. रॉन आपले बूट आणि मोजे काढून त्याच्या पायांत घालतो, दुसरा एक मित्र लोकरीची टोपी चढवतो. डोक्याशी ठेवलेल्या दगडावर हॅरी नावापुढे तो स्वतंत्र होता एवढेच कोरतो. ते खणणे लांबून एक गॉब्लिन पाहत असतो. त्याच्या जमातीला कांडी बाळगायलाच कायद्याने बंदी आहे. जादूगाराने एल्फसाठी फावडे उचलले, हे त्याला समजत नाही, पण तो ते विसरतही नाही. आमच्या दृष्टीने सातही भागांतला हा सर्वोच्च प्रसंग आहे. अख्ख्या लढाईपेक्षा मोठा.

म्हणूनच आमची तक्रारही इथूनच सुरू होते. शेवटच्या लढाईत क्रीचर शाळेच्या सगळ्या एल्फना घेऊन स्वयंपाकघरातले सुरे उगारत उतरतो. लढाई जिंकली जाते. व्होल्डेमॉर्ट मेला, राज्य बदलले. आणि थकलेला हॅरी, क्रीचरचा कायदेशीर मालक, झोपायला जाताना मनात म्हणतो, क्रीचर तिथे सँडविच आणून देईल का? शेवटच्या प्रकरणाचा शेवट असा आहे. लढले सगळे, पण सँडविच कोण आणणार हे ठरलेलेच. पुढे हर्मायनी मंत्रालयात गेली आणि तिने एल्फसाठी बरेच काही केले, असे लेखिकेने २००७ सालीच वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले. केले असेल. पण मंत्र्याने सभागृहाबाहेर केलेले विधान म्हणजे कायदा नव्हे, आणि पुस्तकाबाहेरचे सांगणे आम्ही पुराव्यात धरत नाही. कलम कुठे आहे ते दाखवा.

ते सँडविचचे वाक्य आमच्या मुलीने रात्री मोठ्याने वाचले तेव्हा ती थांबली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, "मग क्रीचर सुटला का नाही?" आम्ही म्हटले, पुढे बघ. तिने पुढचे, एकोणीस वर्षांनंतरचे प्रकरण भराभर चाळले. रेल्वे स्टेशन, मुले, ट्रंका, घुबडे. क्रीचरचे नाव नाही. तिने पाने उलटी फिरवली, समुद्राकाठच्या त्या कबरीपाशी आली आणि तिथून पुन्हा वाचू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला तालुका कोर्टात तारीख होती. दिवा मालवायचे तिच्यावर सोपवून आम्ही झोपायला गेलो.